दोडक्याच्या शिरा

एखादे घर कसे चालते हे पाहायचे असेल, तर त्या घरी दोडक्याची भाजी असेल त्या दिवशी जेवायला जावे. भाजीकडे बघू नये. दोडक्याची भाजी ती दोडक्याची भाजी. तिला सुगरण तरी काय करणार? पानाच्या डाव्या बाजूला बघावे. तिथे तीळ, सुके खोबरे आणि लसूण घालून कुरकुरीत परतलेली शिरांची चटणी असली, तर खुशाल समजावे की या घरात पैसा टिकतो. नसली, तर शिरा केराच्या टोपलीत गेल्या, आणि त्यांच्यामागून आणखीही बरेच काही जात असणार.

टाकायचे म्हणून काही नाही, हा आपल्याकडच्या बायकांचा जुना बाणा आहे. दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या पाठीची थालीपिठे, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, लाल भोपळ्याच्या बिया, आणि चिकाटीची बाई असेल तर मटारच्या सालींचा आतला पापुद्रा काढून केलेली भाजीसुद्धा! माझी आई तर सालींना 'साल' म्हणतच नसे. 'उद्याची चटणी' म्हणे. आम्ही पाच भावंडे अशा अनेक 'उद्यां'वर वाढलो.

आता गंमत अशी झाली आहे, की जे आपल्या आया-आज्या काटकसरीपोटी करीत होत्या, ते शास्त्राने उचलून धरले आहे आणि शास्त्राच्या मागोमाग दुकानदारानेही. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शस्त्रवैद्याने आफ्रिकेत, युगांडात, बरीच वर्षे काढली. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना साहेबी पोटाचे विकार फारसे होत नाहीत, याचे कारण त्यांच्या खाण्यातला कोंडा, साली आणि तंतू, असे त्याने १९७० नंतरच्या दशकात जगाला हिरीरीने सांगितले. पुढे जपान्यांनी याच्यावर वरताण केली. पोट भरण्यापलीकडे अंगाला काही खास गुण देणारे अन्न, म्हणजेच 'फंक्शनल फूड', ही कल्पना त्यांची. १९९१ साली त्यांनी अशा अन्नासाठी सरकारी मान्यतेची रीतसर व्यवस्थाही केली. तेव्हापासून टोमॅटोचा चोथा, गाजराचा चोथा, कांद्याची टरफले, कोबीची बाहेरची पाने यांना एकदम भाव आला. बँकॉकच्या एका विद्यापीठात कोबीची बाहेरची पाने उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, दळून त्यांची तंतुयुक्त भुकटी करण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे रसासाठी 'मांजरी मेडिका' नावाची काळी द्राक्षजात काढली, आणि रस काढल्यावर उरलेल्या साली-बियांची भुकटी बिस्किटांत घालून पाहिली. तेव्हा उद्याची चटणी आता पुडक्यातून येऊ लागली आहे, आणि पुडक्यावर किंमतही चांगली सणसणीत असते.

या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा एक पत्र ठाण्याच्या एका भगिनींचे होते. त्यांच्या यजमानांना मधुमेह. डॉक्टरांनी तंतू वाढवा म्हणून सांगितले, तेव्हा त्या कणकेत भाज्यांच्या सालींची भुकटी दोन चमचे मिसळू लागल्या. शेतकीच्या कॉलेजात शिकणारा मुलगा सुटीत घरी आला आणि म्हणाला, "आई, औषध सगळे सालीत असते. तू बाबांना तंतू देतेस की फवारा?" बाईंनी मला विचारले आहे, की आता खरे कुणाचे मानायचे? डॉक्टरचे की मुलाचे?

दोघांचेही, असे उत्तर मी कार्डावर लिहून पाठवले असते. पण गणपती झाल्यावर मला माकणीला जायचा योग आला आणि उत्तर लांबले.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली, लोहारा तालुक्यातली. पुण्याहून निघालात तर सोलापूर मागे टाकून बरेच पुढे जायचे. तेरणा नदीवर तिथे धरण आहे. सरकारी कागदांत ते 'निम्न तेरणा', लोकांच्या तोंडी 'माकणीचे धरण'. किल्लारी इथून जवळच, त्यामुळे १९९३ च्या ३० सप्टेंबरची ती पहाट या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजूनही येते. 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशी इथली कालगणना आहे. माझी थोरली बहीण या गावात दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय झाले, पण बचत गटाच्या बायका अजून तिच्याच ओट्यावर जमतात.

त्या बायकांनी एक बेत केला होता. शेतात दोडका-दुधी भरपूर. तो व्यापाऱ्याला मातीमोल भावाने जातो. त्यापेक्षा शिरांची चटणी आणि सालींची वाळवून केलेली भुकटी पुण्या-मुंबईला पाठवावी. आक्काने मला बोलावले ते चव बघायला नव्हे. "तू केमिस्ट्री शिकवलीस ना रे तीस वर्षं? मग ह्या पुडीवर काय लिहायचं ते सांग," म्हणाली.

मी भाच्याबरोबर मळ्यात गेलो. मांडवावर दोडक्याचे वेल चढलेले, पिवळी फुले, खाली लोंबणारे हातभर दोडके. दृश्य मोठे सुरेख होते. मांडवाच्या एका टोकाला चार वेल जरा रोडावलेले दिसले. त्यांचे दोडकेही आखूड, काही तर चक्क वाकडे.

"हे असे का रे?" मी विचारले.

"मामा, ती वळ घरची हाय," भाचा म्हणाला. "तिला औषध मारत नाही."

वाचकहो, ज्याला आपण विष म्हणतो त्याला शेतकरी सर्वत्र 'औषध'च म्हणतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरही आहे. फळमाशी कोवळ्या दोडक्याला टोचते, आत अंडी घालते, आणि तो दोडका वाकतो, कुजतो. पानांवर केवडा येतो, भुरी येते. मी भाच्याला म्हटले, औषधाच्या बाटलीवर लिहिलेले असते की फवारल्यापासून इतके दिवस माल तोडू नये; ते तुम्ही पाळता का? तो हसला.

"दोडका एक दिवसाआड तोडावा लागतंय मामा. आठ दिवस थांबलो तर आत जाळी धरतंय. मग तो अंग घासायला चालंल, खायला नाही. अन् पुण्याच्या लोकांना सरळ, चकचकीत दोडका पाहिजे. वाकडा व्यापारी हातात धरत नाही."

हे मला पुस्तकात इतक्या स्वच्छपणे कुठे वाचायला मिळाले नव्हते. गव्हाला, ज्वारीला, तुरीला एकदाच काढणी. तिथे प्रतीक्षेचे दिवस पाळता येतात. पण दोडका, भेंडी, काकडी, वांगे, टोमॅटो यांची तोडणी हंगामभर चालूच राहते. म्हणजे कालचा फवारा आणि आजची तोडणी यांची गाठ पडायचीच. इथे शेतकऱ्याला दुष्ट ठरवून भागत नाही. त्याच्या पोरांसाठी त्याने चार वेल वेगळे ठेवले आहेत हे खरे. पण सरळ दोडका मागणारे हात आपलेच आहेत.

आता मुद्दा सालीचा. भाजीवर पडलेले औषध कुठे राहते? दोडक्याच्या अंगावर दहा धारा असतात आणि त्यांच्या मधे दहा पन्हळी. फवाऱ्याचा थेंब पन्हळीत बसतो, वाळतो. शिवाय प्रत्येक फळाच्या सालीवर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. पुष्कळशी कीटकनाशके पाण्यापेक्षा तेला-मेणात अधिक विरघळतात. ती या थरात शिरून बसतात. अशी औषधे सालीपुरती राहतात, आत गरापर्यंत फार थोडी पोचतात. म्हणून साल काढून टाकली की निम्म्याहून अधिक काम होते, आणि म्हणूनच जी बाई साल ठेवते आणि गर व्यापाऱ्याला देते, तिच्या वाट्याला नेमके उलटे येते. दुसरी जात आंतरप्रवाही औषधांची. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्यांतली नावे. ती वेलीच्या रसातून सगळ्या अंगात फिरतात. त्यांना साल काय आणि गर काय, सारखेच. आणि ती धुऊनही जात नाहीत.

इथे थोडे गणित करू. भिऊ नका, चौथीच्या वरचे नाही. समजा, एक किलो दोडक्यांवर मिळून ०.०५ मिलिग्रॅम औषध आहे. (आपल्याकडे ज्या औषधाला त्या भाजीसाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. हे केवढे? दहा-दहा टनांचे दहा ट्रक दोडके, आणि त्या सगळ्यांवर मिळून एक ग्रॅम!) एका किलोतून शिरा-साल निघते दीडशे ग्रॅम. सगळे औषध सालीतच आहे असे धरले, तर त्या सालीत किलोला ०.३३ मिलिग्रॅम झाले. आता ती वाळवली. ताज्या सालीत शंभरातले नव्वद भाग पाणी. ते गेले की दीडशे ग्रॅमची राहते जेमतेम सतरा ग्रॅम भुकटी. औषध तेवढेच राहिले, तर त्या भुकटीत किलोला तीन मिलिग्रॅम! दोडक्याच्या साठपट.

कुणी म्हणेल, भुकटी किलोने थोडीच खातो? चमचाभर तर खातो. बरोबर आहे. म्हणून उलटे मोजा: दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम भुकटीत सहाशे ग्रॅम दोडक्यांवरचे औषध येते. तेही रोज, आणि वर घरातल्या आजारी माणसाच्या पोळीत. वाळवताना उन्हाने, वाऱ्याने काही भाग उडून जातो हे खरे. पण किती, हे औषधाऔषधावर अवलंबून. ठाण्याच्या भगिनींच्या चिरंजीवांचे म्हणणे असे सोळा आणे बरोबर ठरले. डॉक्टरांचेही बरोबरच आहे, तंतू हवेतच.

मग औषध काढायचे कसे?

पहिला उपाय पाण्याचा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या शेतकी प्रयोगशाळेने २००० साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या फळभाज्या नुसत्या नळाच्या पाण्याखाली धुऊन पाहिल्या. बारा औषधांपैकी नऊ औषधे कमी झाली. तीन मात्र जागची हलली नाहीत, आणि त्यांत आपल्याकडे फार चालणारे क्लोरपायरिफॉस होते. मौजेची गोष्ट अशी, की पाण्यात सहज विरघळणारे औषध सहज धुतले जाते असेही दिसले नाही. ते वर नुसते बसले आहे की मेणात मुरले आहे, यावर सगळे ठरते. म्हणून भाजी नुसती बुचकळून काढू नये. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळावी. दोडक्याच्या पन्हळीत अंगठा फिरवावा.

दुसरा उपाय सोड्याचा. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या मंडळींनी सफरचंदांवर दोन औषधे लावून चोवीस तास ठेवली आणि मग लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवली. एक औषध पृष्ठभागावरून जायला बारा मिनिटे लागली, दुसऱ्याला पंधरा. साध्या पाण्यापेक्षा आणि कारखान्यात वापरतात त्या क्लोरीनच्या पाण्यापेक्षाही हे सरस ठरले. कारण सोप्पे आहे: सोड्याचे पाणी अल्कधर्मी, आणि पुष्कळशी औषधे अल्कधर्मी पाण्यात फुटतात. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू जाहिरातवाले सांगत नाहीत. त्या चोवीस तासांत एका औषधाचा पाचवा हिस्सा सालीतून आत शिरला होता, आणि तो सोड्याने निघाला नाही. म्हणजे सोडा ही जादू नव्हे. तो दारातल्या पाहुण्याला घालवतो, माजघरात शिरलेल्याला नाही.

केरळात वेल्लायणीच्या कृषी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेने चिंचेचे पाणी आणि व्हिनेगर यांच्यावर भर दिला आहे. मिठाचे पाणी पुष्कळ घरांतून वापरतात, तेही साध्या पाण्यापेक्षा काही औषधांना बरे लागू पडते. साबण किंवा भांड्यांची पावडर मात्र चुकूनही नको. एक काढायचे आणि दुसरे भरायचे! आणि भाजी अख्खी असतानाच धुवावी, चिरल्यावर नाही. नाहीतर सुरीच सालीवरचे औषध गरात नेते.

केरळावरून आठवण झाली. १९५८ साली तिथे गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पिठात विष कुणी घातले नव्हते. जहाजातून येताना पिठाच्या पोत्यांना पॅराथिऑन या कीटकनाशकाची गळती लागली होती. त्या प्रकरणाच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा तो लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्या कायद्याखालच्या नियमांचा. लाल सर्वांत जहाल. पण त्रिकोण डब्यावर असतो, दोडक्यावर नसतो.

उकळत्या पाण्यातून काढणे हा तिसरा उपाय. साल दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकावी आणि पाणी ओतून द्यावे. त्या पाण्याचे सार करण्याचा मोह आवरावा. मेण सैल होते आणि बरेच औषध पाण्याबरोबर जाते. मात्र आधी धुणे झालेच पाहिजे, आणि त्याला कारण आहे. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक टोमॅटोपासून द्राक्षापर्यंत सर्वत्र फवारतात. ते स्वतः फारसे जहाल नाही. पण शिजवले की त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो, आणि तो गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला बाधतो. न धुता शिजवले, की चोराला दार उघडून दिल्यासारखे होते.

अशीच फसगत ओझोनच्या यंत्राची. हल्ली ही यंत्रे घरोघरी विकायला येतात. पाण्यात बुडबुडे सोडले की भाजी शुद्ध! ओझोन औषधाचे रेणू मोडतो हे खरे. पण पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस या जातीची औषधे अर्धवट मोडली, की त्यांतून 'ऑक्सॉन' निघतात, आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. पूर्ण मोडायला किती वेळ, किती ओझोन, हे कारखान्यात मोजून ठरवता येते. ओट्यावर कसे ठरवणार? विक्रेता तर ते सांगत नाहीच.

कारखान्यांचे मार्ग वेगळे, आणि मला त्यांतला एक फार आवडतो. कार्बन डायऑक्साइड हा आपल्या श्वासातला वायू. त्याला एकतीस अंशांच्या वर उष्णता आणि हवेच्या सत्तरपट-पंचाहत्तरपट दाब दिला, की तो ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेत जातो. वायूसारखा सांदीकोपऱ्यांत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. जर्मनीत कुर्ट झोसेल या रसायनशास्त्रज्ञाने याच युक्तीने कॉफीतले कॅफीन काढून दाखवले. भुकटीतले मेण, तेल आणि त्यांत लपलेले औषध याच मार्गाने निघते. दाब सोडला की वायू उडून जातो, मागे काही उरत नाही. अडचण एकच. टोमॅटोच्या चोथ्यातला लाल रंग, ज्याच्यासाठी लोक तो चोथा घेतात, तोही मेणा-तेलाचाच सोबती; तो औषधाबरोबर निघून जातो. तेव्हा कारखानदाराने आधी ठरवायचे, की त्याला तंतू विकायचे आहेत की रंग. तंतूच हवे असतील तर कितीही धुवा, ते कुठे जात नाहीत. यंत्राची किंमत मात्र बचत गटाच्या स्वप्नातही बसणारी नव्हे.

कोरियातल्या लोकांनी आणखी एक वाट दाखवली आहे. तिथे किमची म्हणून कोबीचे आंबवलेले लोणचे खातात. त्या किमचीतले जंतू वेगळे काढून २००९ साली तिथल्या संशोधकांनी पाहिले, तर ते क्लोरपायरिफॉस खाऊन त्याच्यावर वाढतात. नऊ दिवसांत त्यांनी ते संपवले. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "मग लोणचेच घालू या की सालींचे!" पण आपले लोणचे तेलात, आणि तेल तर औषधाला धरून ठेवणार. आंबवायचे तर मिठाच्या पाण्यात.

एवढे सगळे आक्काच्या ओट्यावर सांगून झाल्यावर बायका गप्प झाल्या. एकीने विचारले, "मग आमच्या पुडीत किती हाय ते कळंल कसं?"

प्रश्न लाखाचा होता. याचे उत्तर आपल्या द्राक्षवाल्यांना फार महागात मिळाले आहे. २००३ साली हॉलंडमध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट सापडले आणि बाजार हादरला. त्यानंतर निर्यातीच्या बागांवर नजर ठेवण्याची योजना आली, मांजरीच्या केंद्रात देशाची संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि २००६ पासून 'ग्रेपनेट' नावाच्या व्यवस्थेत प्रत्येक पेटीचा माग थेट बागेपर्यंत लावता येऊ लागला. तरी २०१० मध्ये पुन्हा ठेच लागलीच. या वेळी क्लोरमेक्वाट. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरायला ते छाटणीनंतर मारतात. युरोपात माल अडला, आणि नाशिक-सांगलीकडच्या कितीतरी बागायतदारांना कर्जाने घेरले. तेव्हापासून त्याचीही तपासणी होऊ लागली. आज युरोपातल्या पोराच्या डब्यात जाणारा आपला द्राक्षाचा घड प्रयोगशाळेतून पास होऊन जातो. आपल्या मंडईतला दोडका मात्र पाटीतून थेट पिशवीत येतो. सरकार ठिकठिकाणचे नमुने गोळा करून तपासते, नाही असे नाही. पण तुमच्या पिशवीतला दोडका त्यात आला असेलच असे थोडेच?

माकणीच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी आपसांत जे ठरवले ते मला पसंत पडले. भुकटीचा बेत त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. प्रत्येक पुडीचा माल तपासून घेण्याएवढी विक्री होईपर्यंत भुकटी नाही. चटणी करायची, ती फक्त 'घरच्या वळी'तल्या शिरांची. आणि घरच्या वळी चारच्या चाळीस करायच्या. फळमाशीसाठी गंधाचे सापळे मिळतात. नर माशा त्या वासाने डब्यात येऊन पडतात आणि पुढची वीण कमी होते. टोचलेली, कुजकी फळे वेलाखाली पडू न देता रोज वेचून खोल पुरायची, कारण माशीची पुढची पिढी त्यांतूनच निघते. भाचा आधी कुरकुरला. "निम्मा माल वाकडा येईल," म्हणाला. त्यावर आक्का म्हणाली, "चटणीत वाकडं काय अन् सरळ काय? कढईत सगळंच गोळा होतंय."

पुडीवर काय लिहायचे, तेही तिनेच ठरवले. 'विषमुक्त' हा शब्द मी नको म्हणालो. तपासल्यावाचून तो कुणी लिहू नये. मग तिने लिहायला सांगितले: 'औषध न मारलेल्या वेलींच्या शिरा. गाव माकणी.' पहिला घाणा निघाला की त्याचा एक नमुना प्रयोगशाळेत धाडायचा, असेही ठरले आहे. त्यासाठी बायकांनी पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.

ठाण्याच्या भगिनींना माझे उत्तर असे: बाजारची भुकटी घ्यायचीच असेल, तर दुकानदाराकडे तपासणीचा कागद मागा. नसेल, तर ज्वारी, नाचणी, हरभरा, मटकी यांतून यजमानांना पुरेसे तंतू मिळतील, आणि मळ्यातल्या रोजच्या तोडणीची अडचण या धान्यांना नाही. शिरांची चटणी सोडू नका. दोडका अख्खा चोळून धुवा, सोड्याच्या पाण्यात पाव तास ठेवा, पुन्हा धुवा, मग शिरा काढा, दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून निथळा आणि फडक्यावर चांगल्या वाळल्यावर परता. तव्यावर थोडा वेळ जास्त लागेल, कारण पाणी पुरते आटल्यावाचून कुरकुरीतपणा येत नाही. तीळ शेवटी घाला.

परवा आक्काचा फोन आला होता. वीस लिटरच्या घमेल्याला सोडा किती, हे तिला हवे होते. दोनशे ग्रॅम, मी सांगितले. आणि धुण्याचा नव्हे, खायचा.